पॅसेजसाठी आणलेला पाइप

आमच्या घरी येणारा पाहुणा आधी पोर्चमधल्या जीपला वळसा घालतो आणि मग बेल वाजवतो. वळसा घालताना त्याच्या कपड्यांना कुठं ना कुठं ग्रीस लागतंच. साताऱ्यात हे घर बांधलं तेव्हा त्या पोर्चमध्ये झोपाळा टांगायचा असं ठरलं होतं. स्लॅब ओततानाच गवंड्याच्या मागं लागून मी दोन दणकट कड्या बसवून घेतल्या होत्या. कड्या अजून आहेत. त्यांना चेनपुली अडकवून आमचे हे इंजिन वर उचलायचे.

हे म्हणजे माझे यजमान. फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये सगळी नोकरी झाली. पेन्शनीत निघाले आणि वर्षाच्या आत फौजेनंच मोडीत काढलेली एक जीप दोर बांधून ओढत घरी घेऊन आले. मी शाळेत शिकवते. त्या दिवशी शाळेतून आले तर फाटक सताड उघडं, पोर्चमध्ये तो हिरवा सांगाडा आणि त्याच्या बॉनेटवर हात ठेवून हे उभे. मला म्हणाले, "बघ, आमी दोघंबी रिटायर." मी हसले. नवरा घरी रमला तर बरंच, असा साधा विचार मी केला.

त्यानंतर माझ्या स्वयंपाकघरातून एकेक वस्तू पोर्चमध्ये भरती होऊ लागली. पुरणाची चाळणी डिझेल गाळायला गेली. मोठ्या परातीत नटबोल्ट भिजत पडले. इडलीपात्रात एकदा बेअरिंग उकळत होतं, ते मी झाकण उघडून डोळ्यांनी पाहिलं. भांडण केलं की हे शांतपणे म्हणायचे, "आगं, भांडं धुतलं की झालं." ते भांडं धुऊन मी पुन्हा चुलीवर ठेवीन असं त्यांना खरंच वाटायचं.

अशीच खोड असलेली आणखी माणसं त्यांना भेटली. साताऱ्यातली दोघं-तिघं, कराडकडची काही, एक सांगलीचा. त्या सगळ्यांत ह्यांचा लाडका होता उंब्रजचा. त्याचं हायवेवर वेल्डिंगचं दुकान आहे. तो ह्यांना दादा म्हणतो, मला वहिनी. दर रविवारी ही मंडळी आपापल्या जीप घेऊन डोंगरात जायची. चांगला डांबरी रस्ता दिसला की ह्यांना करमायचं नाही. ओढा बघायचा, चिखल बघायचा, त्यात गाडी मुद्दाम रुतवायची आणि मग अर्धा दिवस जिवाचं रान करून ती बाहेर काढायची. संध्याकाळी चिखलानं माखून घरी यायचं आणि "लय मजा आली" म्हणत माझ्या स्वच्छ फरशीवर बूट काढायचे.

मीही एक-दोनदा गेले होते, खोटं कशाला बोलू. पवनचक्क्यांच्या पठारावर चढताना जीप मध्येच बंद पडली, मागं दरी. मी डोळे मिटून घेतले. हे म्हणाले, "भिऊ नको, आता क्लचला पाय बी लावायचा न्हाई." चढाचा लो गिअर लावलेला होता, पहिला पडलेला होता, तसंच त्यांनी किल्ली फिरवून सेल मारलं आणि गाडी गुरगुरत, एकेक पाऊल टाकल्यासारखी वर चढली. मग म्हणाले, क्लच दाबला असता तर गाडी मागं घरंगळली असती. "ही गोष्ट आमच्यातलं शेंबडं पोरगंबी जाणतं." वर पोचल्यावर त्यांनी रुमालभर करवंदं तोडून आणली आणि माझ्या मांडीवर ओतली. तो माणूस तिथं किती खूश होता, ते मी पाहिलं होतं. म्हणून तर मी इतकी वर्षं परातीचं नुकसान सोसलं.

ह्या मंडळींचा एक धर्म होता. माणसाला गाडी जमत नसेल तर माणसाचं काही चुकत नाही, गाडीत काहीतरी कमी आहे. सांगलीवाला उंचीनं कमी, त्याची सीट उचलली. एकाचा गुडघा दुखायला लागला, तर त्याच्या गाडीला खालच्या बाजूला पायरी लावली. गुडघा दाखवायला डॉक्टरकडं कुणी गेलं नाही. गाडीला पायरी लावली म्हणजे गुडघ्याचा प्रश्न मिटला. त्या वेळी मी ह्यावर विनोद करायची.

होळीच्या आधी एका सकाळी हे जीपखाली पाठीवर पडून काही तरी आवळत होते. मी चहा घेऊन गेले. खालून डावा हात बाहेर आला, कपाला लागला आणि कप सोडून खाली पडला. "हात झोपलाय माजा," ते म्हणाले. शब्द जिभेवर घोळल्यासारखे आले. मी वाकून पाहिलं तर त्यांचं तोंड एका बाजूला ओघळलेलं होतं. शेजाऱ्यांच्या मोटारीतून दवाखान्यात नेलं. जीव वाचला. डावा हात आणि डावा पाय मात्र गेले.

गेले म्हणजे कायमचे नव्हेत, असं आम्हाला सांगण्यात आलं, आणि सगळी गोष्ट इथूनच सुरू होते. घरी व्यायाम द्यायला एक फिजिओथेरपिस्ट येऊ लागली. तरुण मुलगी, स्कूटरवरून यायची, बोलायला स्पष्ट. पहिल्याच दिवशी तिनं आम्हा दोघांना समोर बसवलं.

"काका, पाय परत येऊ शकतो," ती म्हणाली. "पण मेंदू शिकतो तो ह्या पहिल्या काही महिन्यांतच. रोज चालायला लागेल. पडाल, चिडाल, तरी चालायचं. हे महिने वाया गेले तर मग मी रोज येऊनसुद्धा फार काही होणार नाही."

हे मान डोलावत ऐकत होते. मला वाटलं, पटलं.

तिनं आमचा पॅसेज पाहिला. हॉलपासून बाथरूमपर्यंत सरळ आणि अरुंद. तिला तो फार आवडला. दोन्ही भिंतींना कमरेएवढ्या उंचीवर पाइप बसवून घ्या, म्हणाली. जाताना उजव्या हाताला एका भिंतीचा पाइप, येताना दुसऱ्या भिंतीचा. सकाळ-संध्याकाळ येरझाऱ्या घालायच्या. मी उंब्रजच्याला फोन केला. तो त्याच दिवशी मोजपट्टी घेऊन हजर झाला. हातात नीट मावेल असा पाइप त्यानं निवडून आणला, आणि टोकं हाताला लागू नयेत म्हणून दुकानातच घासून गुळगुळीत केली. "दादांना चालवल्याबिगर ऱ्हात न्हाई बगा वहिनी," म्हणाला आणि डोळे पुसले. माणूस वाईट नाही, हे मला आजही म्हणावं लागतं. पाइप पोर्चच्या भिंतीला टेकवून ठेवले. रविवारी सगळे येतील तेव्हा बसवायचे ठरलं.

रविवारी मी भाजी आणायला मंडईत गेले. परत आले तर गल्लीच्या तोंडापासून ग्राइंडरचा आवाज. मला हायसं वाटलं, कामाला लागले म्हणून. फाटकातून आत शिरले तर पॅसेजमध्ये कुणीच नाही. सगळे जीपभोवती, हे मध्यभागी खुर्चीवर, आणि पाइपाचे तुकडे झालेले.

"तो पॅसेजचा पाइप होता!" मी ओरडले.

"वहिनी, ऐका तर," उंब्रजचा म्हणाला. त्याचा चेहरा नुसता फुललेला. "दादांनी काय डोकं लावलंय! डावा पाय न्हाई तर न्हाई. क्लचला दांडी जोडायची, उजव्या हातानं दाबायची. दादा पुन्ना गाडी चालवणार!"

मी ह्यांच्याकडं पाहिलं. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत चमक होती. वाकडं तोंड हसत होतं. "आगं, पाइपाला काय तोटा हाय," ते म्हणाले. "फुडच्या रविवारी दुसरा आनंल की त्यो."

ती चमक बघून मी भाजीची पिशवी उचलली आणि आत गेले. पाइपाची दांडी झाली. उरलेल्या तुकड्याचं, वर चढताना उजव्या हातानं धरायला म्हणून, ड्रायव्हरच्या बाजूला बाहेरून आडवं हँडल झालं. त्याला फौजी हिरवा रंगही लागला.

पुढचा रविवार आला. दांडी पेडलला नीट बसेना, तिची गाठ बदलायची होती. त्याच्या पुढच्या रविवारी क्लच फार जड लागत होता. "वहिनी, एवढं झालं की तुमचंच काम," उंब्रजचा दर वेळी म्हणायचा. ते माझं काम कधीपासून झालं, कोण जाणे. शेवटी मी बाजारपेठेतला दुसरा एक वेल्डर बोलावला. तो माप घ्यायला पॅसेजमध्ये वाकतोय तोवर हे खुर्चीतून गरजले, "कोन हाय रं तू? माजी मानसं मेलीत काय?" तो बिचारा पट्टी गुंडाळून निघून गेला. फौजेतल्या वर्कशॉपवाल्याच्या घरात बाहेरचा माणूस वेल्डिंग करणार म्हणजे ह्यांच्या दृष्टीनं घराण्याची अब्रूच गेली. पॅसेजच्या भिंती मोकळ्याच राहिल्या.

व्यायाम करत नव्हते असंही नाही. ती मुलगी असली की करायचे. त्यांच्या कमरेला पट्टा बांधून तो ती मागून धरायची आणि म्हणायची, "टाच आधी टेका, काका." पाय उचलायचा तर चवडा फरशीवरून फरफटत यायचा. हॉलमधल्या कपाटाला आरसा आहे. त्यात त्यांना स्वतःचं ध्यान दिसायचं, रांगतं मूल उभं करावं तसं. ते अर्ध्यातच म्हणायचे, "बास. सोड मला." मग पोर्चमध्ये खुर्ची मांडली की तोच माणूस उस्ताद व्हायचा. "पाना बारीक घे. आरं तसं न्हाई, उलटं फिरीव." चार धडधाकट माणसं त्यांच्या एका शब्दावर वाकायची. आत ते आजारी होते आणि बाहेर उस्ताद. कुणीही बाहेरच बसलं असतं. मला हे कळत होतं, आणि कळत असूनही माझा संताप कमी होत नव्हता.

डावा हात उघडावा-मिटावा म्हणून त्या मुलीनं एक पिवळा रबरी चेंडू दिला होता. दिवसातून जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा दाबायचा. चेंडू दिसेना म्हणून मी सगळं घर शोधलं. सापडला तो जीपमध्ये. त्याला भोक पाडून गिअरच्या दांड्यावर बसवला होता. "लय मऊ पकड हाय," हे म्हणाले. चार पायांची काठी आणली होती, तीही बॉनेट उचलून धरायला टेकू म्हणून उभी असायची. मला वेड लागेल की काय असं वाटायचं.

मे महिन्याच्या सुट्टीवर मी सगळी भिस्त ठेवली होती. माझं माहेर सांगलीचं. विश्रामबागेत भावाचं घर आहे, तळमजल्याचं, आणि तिथून हाकेच्या अंतरावर व्यायामाचं चांगलं केंद्र. तिथं दिवसभर चालवून घेतात, हँडल, पट्टे, सगळं आहे. भावानं जाऊन बोलून ठेवलं. साताऱ्याच्या त्या मुलीनंही दोन्ही हात जोडून सांगितलं, "काकू, नक्की न्या. आत्ताच न्या." मी ह्यांना विचारलं. ते हो म्हणाले. खरंच म्हणाले. मी बॅगा भरल्या, त्यांचे ढगळ पायजमे भरले, शेजारणीला कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी बँकेतून येऊन पाहते तर जीपचा गिअरबॉक्स खाली उतरवलेला. फरशीवर गोणपाट, त्यावर सगळे भाग मांडलेले. क्लच हलका करायचा तर आत हात घालायलाच लागतो, असं उंब्रजचा मला समजावून सांगू लागला. मी त्याच्याकडं बघितलंही नाही.

"अहो, उद्या आपल्याला सांगलीला जायचंय," मी म्हणाले.

"आता कसं जायचं?" हे म्हणाले. "गाडी हुगडी टाकून कोन जातं? हे झालं की जाऊ."

"कधी होईल?"

"हुईल की. लय दिवस न्हाई लागायचं."

तेवढ्यात भावाचा फोन आला. "ताई, खोली तयार आहे. किती वाजता निघताय? दाजींकडं दे जरा." मी फोन ह्यांच्या कानाला लावला. ते त्याला गिअरबॉक्सविषयी सांगू लागले. मी आत जाऊन भरलेल्या बॅगांवर बसले आणि मोठ्यानं रडले. पोर्चमध्ये ऐकू जावं म्हणून रडले. ग्राइंडर चालू होता, ऐकू गेलं नसावं.

हट्टानं ओढून का नेलं नाही, असं मला माझी भावजय विचारते. साठीतल्या, अंगानं माझ्या दीडपट माणसाला, तो नको म्हणत असताना, मी कशी ओढणार होते? एक पार्ट पुण्याहून यायचा होता, तो सुट्टीभर आला नाही. सुट्टी संपली. शाळा सुरू झाली. विश्रामबागेतल्या केंद्रात ह्यांच्या जागी दुसरं कुणी तरी गेलं असेल. तो पेशंट आता चालतही असेल.

पाऊस लागला. ह्यांच्या पायाची पोटरी बारीक होत गेली आणि घोटा ताठर झाला. चवडा खाली ओढल्यासारखा राहू लागला. मंडळी मात्र पावसातही यायची, पोर्चला ताडपत्री बांधून काम करायची. दादांना घरात फिरता यावं म्हणून त्यांनी एक चाकाची खुर्ची आणली, तेही मायेनंच. पण ती दुकानातून आली तशी देतील तर ती ही मंडळी कसली! उंबरा चढायला हवा म्हणून त्यांनी तिला रुंद, जाड टायर बसवले. खुर्ची उंबरा झक्क चढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग लक्षात आलं की ती आता बाथरूमच्या दारातून जात नाही. मी हसायला लागले आणि मला थांबता येईना. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा उंब्रजचा घाबरून म्हणाला, "वहिनी, फुडच्या रविवारी दार मोठं करू."

त्यानंतर रोज दारापर्यंत खुर्ची आणि पुढं मी. काखेत हात घालून, आपल्या कमरेवर त्यांचा भार घेऊन आत न्यायचं, बसवायचं, उठवायचं. ते माझ्याकडं न बघता भिंतीकडं बघायचे. ती भिंतसुद्धा मोकळीच, धरायला काही नाही. माझी कंबर गेली. पण कमरेपेक्षा जास्त मला त्या बघण्याचं दुःख व्हायचं. ज्या माणसानं पठारावर माझ्या मांडीवर करवंदं ओतली, त्याला माझ्याकडं बघण्याची लाज वाटत होती.

गणपती गेल्यावर ती मुलगी एकदा व्यायाम आटोपून बाहेर आली आणि जीपपाशी थांबली. बूट घालताना म्हणाली, "काकू, आता आहे ते टिकवायचं. मी आठवड्यातून एकदा येत जाईन." मी विचारलं, "आणि चालणं?" ती बूट घालत राहिली. मग म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, काकू." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. तिची स्कूटर गेल्यावर मी फाटक लावून घेतलं. आतून हे विचारत होते, "चहा करतीस का?"

त्यांना मी हे सांगितलं नाही. काय सांगणार? दसऱ्याला गाडी बाहेर काढायची, हे त्यांचं ठरलं होतं, आणि ते दिवसरात्र त्याच नादात होते.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. पाने, जॅक, हातोडे धुऊन पुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडू वाहायचा. मी सगळं मांडलं आणि शेवटी ती चार पायांची काठीही आणून पाटाला टेकवली. तिलाही कुंकू लावलं. ह्यांनी पाहिलं. "ही कशाला?" म्हणाले. "ही काय हत्यार हाय?" आणि उजव्या हातानं त्यांनी ती बाजूला सारली. मी ती उचलून आत ठेवली.

दसऱ्याला सकाळीच सगळी मंडळी जमली. जीपला झेंडूचे हार, चाकांखाली लिंबं, नारळ. शेजारपाजारचे लोक गॅलऱ्यांत उभे. ह्यांनी फौजेतली टोपी घातली होती. त्या हिरव्या हँडलला धरून, मागून दोघांनी उचलून, ते सीटवर बसले. बसल्यावर त्यांनी स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला. माझा ऊर भरून आला, नाही म्हणत नाही. एवढं सगळं होऊनही मनात कुठं तरी होतं, की एवढं तरी होऊ दे.

त्यांनी इंजिन चालू केलं, उजव्या हातानं ती दांडी दाबली. उंब्रजच्यानं पलीकडून गिअर टाकून दिला. आता दांडी हळूहळू सोडायची होती, आणि त्याच वेळी, त्याच हातानं, स्टिअरिंग धरायचं होतं. हात एकच. दांडी सुटली, जीपनं हिसका मारला आणि माझ्या मोगऱ्याची कुंडी फोडून ती बंद पडली. पुन्हा एकदा केलं. पुन्हा तेच. ह्यांच्या टोपीखालून घाम ओघळत होता.

मग ते सावकाश म्हणाले, "लो लाव. फस्ट टाक. दांडी ऱ्हाऊ दे."

उंब्रजच्यानं लो लावला, पहिला गिअर टाकला. ह्यांनी दांडीला हात न लावता तसंच सेल मारलं. जीप गुरगुरली आणि मुंगीच्या पावलानं पुढं सरकली. क्लच नाही, डावा पाय नाही, दांडी नाही. फाटकातून ती सरळ बाहेर पडली.

"आरं तिच्या!" उंब्रजचा ओरडला. "हे तर पयल्याच दिवशी झालं असतं गड्या!" सगळे खो खो हसले. एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. चढावर बंद पडलेली जीप अशीच चालू करतात, हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. पण बनवायला काही मिळालं की त्या लोकांना दुसरं काही सुचत नाही. पाइप कापला, मे महिना गेला, गिअरबॉक्स उतरवला, पावसाळा गेला, आणि त्या दांडीची गरजच नव्हती. मी एकटीच हसले नाही. मी फाटकाला धरून उभी राहिले.

मंडळी मोबाइल काढून जीपच्या पुढं पळाली, उलटं चालत फोटो काढत. "वहिनी, तुमी दादांच्या बाजूला ऱ्हावा, काय लागलं तर," कुणी तरी म्हणालं. म्हणून मी जीपच्या बाजूनं चालू लागले. लो गिअरमधली जीप माणसाच्या चालीनं जाते. आजारातून उठलेल्या माणसाच्या चालीनं. ही आमची गल्ली, दुकानापर्यंत जाऊन परत यायचं, असं ती मुलगी सांगायची. पॅसेजमध्ये जमलं की मग काकूंना बरोबर घेऊन इथं यायचं. ते मला सगळं आठवत होतं. गॅलरीतून कुणी तरी म्हणालं, "काय जिद्द आहे हो!" ह्यांनी टोपीला हात लावला. त्यांचा डावा पाय पेडलच्या बाजूला, कुणी तरी ठेवून दिल्यासारखा पडला होता.

आता हे कधी चालणार नाहीत, हे मला त्या मुलीनं सांगितलं तेव्हा कळलं होतं. पण खरं वाटलं ते ह्या गल्लीत, ते इतके खूश दिसत असताना.

"दमलीस व्हय?" ते वरून म्हणाले. किती तरी महिन्यांनी त्यांनी माझ्याकडं सरळ पाहिलं. "आता रोज यिऊ संध्याकाळी. आसंच, दुकानापातुर."

"येऊ," मी म्हणाले.

माझी कंबर ठणकत होती, म्हणून मी बाजूचं हँडल धरलं. हाताला ते बरोबर आलं. कमरेएवढ्या उंचीवर, नीट मुठीत मावणारं, टोक घासून गुळगुळीत केलेलं. पॅसेजमध्ये चालायला म्हणून आणलेला तोच तो पाइप. त्याला धरून मी दुकानापर्यंत चालत गेले आणि चालतच परत आले.